फिकट रंग आणि शाबूत कवच : जुन्या बोटीच्या ॲल्युमिनियम भागांची पारख व डागडुजी

परभणी जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी पाण्याशी त्याचा संबंध जुना आहे. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतून वाहत जाते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल आणि डिग्रस येथे बंधारे झाले आणि पूर्वी उन्हाळ्यात उघडी पडणारी पात्रे आता बराच काळ भरलेली दिसतात. पाणी आहे तेथे मासेमारी आहे, पैलतीरावरची शेती आहे, आणि पावसाळ्यात पुराचे भयही आहे. त्यामुळे भोई बांधवांच्या लाकडी होड्यांपासून थर्माकोलच्या चप्पूपर्यंत आणि पूरबचावाच्या फुगवायच्या रबरी बोटींपर्यंत अनेक प्रकारची तरती साधने आपल्या परिचयाची आहेत.

बचावाच्या बोटींत ॲल्युमिनियमचे भाग पुष्कळ असतात. वल्ह्याच्या दांड्या, तळाला बसवायच्या फळ्या, कठड्याच्या नळ्या, दोर बांधण्याच्या खुंट्या, निरनिराळ्या पट्ट्या व कड्या असे हे भाग नवे असताना चंदेरी, सोनेरी किंवा काळे झळकतात. आठ-दहा वर्षांनी तोच काळा रंग राखाडी किंवा तपकिरी होतो, सोनेरी रंग उडतो, चंदेरी पृष्ठभागावर पांढुरके डाग उमटतात. मग पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत कोणीतरी कॉस्टिक सोडा, तेजाब किंवा तारेची घासणी हाती घेतो आणि तासाभरात ते भाग आरशासारखे करून ठेवतो. पाहणाऱ्यांना समाधान वाटते. प्रत्यक्षात त्या तासाभरात धातूचे एकमेव संरक्षण निघून गेलेले असते, आणि ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या लेखात आम्ही एकच गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. ॲल्युमिनियमवरील रंग आणि ॲल्युमिनियमवरील कवच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रंग गेला म्हणजे कवच गेले असे नाही, आणि चकाकी आली म्हणजे कवच आले असेही नाही. हा भेद ज्याला कळला, त्याने कोणता भाग नुसता धुवावा, कोणता रंगवावा, कोणता कारखान्यात पाठवावा आणि कोणता तसाच राहू द्यावा, हे त्याला ठरवता येते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज वेल्डिंग, वायरिंग, फॅब्रिकेशन अशा कामांत आहेत, काही ग्रामपंचायतींत व शासकीय सेवेत आहेत. त्यांना व पालकांना उपयोगी पडावे अशा रीतीने हा विषय आम्ही मांडत आहोत.

कल्हई आणि धनाग्रीकरण

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथिल फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने पसरवायचे. कल्हई म्हणजे एका धातूवर बाहेरून चढवलेला दुसरा धातू. ती झिजली की पुन्हा करावी. तांब्याचे त्यात फारसे काही जात नाही. ॲल्युमिनियमवरील चंदेरी वा रंगीत थर हाही असाच एखादा मुलामा असावा, अशी आपली साहजिक समजूत होते. ती बरोबर नाही.

दहावीच्या विज्ञानात 'धनाग्रीकरण' हा शब्द विद्यार्थी शिकतात. कारखान्यात त्यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. ॲल्युमिनियमची वस्तू सौम्य गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवून तिला विद्युतघटाचे धनाग्र केले जाते. प्रवाह सुरू झाला की धनाग्रापाशी ऑक्सिजन उपलब्ध होतो आणि त्याच्याशी वस्तूचाच पृष्ठभाग संयोग पावून ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होते. म्हणजे हा थर बाहेरून आणलेला नसून धातूतूनच उगवलेला असतो. झाडाच्या खोडाला साल असते तसे हे नाते आहे. ढोबळ मानाने या थराचा दोन-तृतीयांश भाग मूळ धातूच्या आत गेलेला आणि एक-तृतीयांश भाग बाहेर वाढलेला असतो.

हवेतील ऑक्सिजनमुळेही ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो. परंतु तो मायक्रॉनच्या काही सहस्रांश भागाइतकाच असतो. धनाग्रीकरणाने मिळणारा थर सामान्यतः ५ ते २५ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा थर किती पातळ आणि तरीही नैसर्गिक पापुद्र्याच्या मानाने किती जाड, याची कल्पना येईल. स्वयंपाकघरातील काळपट 'हार्ड ॲनोडाइझ्ड' कढईवर याहूनही जाड थर असतो, आणि तो थंड द्रावणात व अधिक विद्युतदाबाने तयार केलेला असतो.

रंग कोठे असतो?

नुकताच तयार झालेला ऑक्साइडचा थर मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो. त्यात अतिसूक्ष्म, उभी छिद्रे असंख्य असतात. वस्तू या अवस्थेत रंगाच्या कोमट द्रावणात बुडवली की रंगाचे रेणू छिद्रांत शिरून बसतात. त्यानंतर ती उकळत्या शुद्ध पाण्यात ठेवतात. ऑक्साइड पाणी शोषून फुगते आणि छिद्रांची तोंडे मिटतात. या क्रियेला 'सीलिंग' म्हणतात; आपण तिला छिद्रबंदी म्हणू.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि पुढील सगळे विवेचन त्यांवरच उभे आहे. पहिला : संरक्षण देते ते ऑक्साइडचे कवच, रंग हा त्या कवचात राहणारा भाडेकरू आहे. सेंद्रिय रंगांपैकी पुष्कळ रंग उन्हातील अतिनील किरणांनी वर्षानुवर्षांत विघटित होतात. भाडेकरू निघून जातो, घर उभे राहते. दुसरा : छिद्रबंदी झाल्यावर घराची दारे बंद झालेली असतात. म्हणून फिकट झालेल्या भागावर नुसता रंग चोळून किंवा तो रंगात बुडवून जुनी छटा परत आणता येत नाही. बाजारात मिळणारे 'रंग परत आणणारे' तेलकट द्रव पृष्ठभागाला तात्पुरती ओल व तकाकी देतात. दोन-चार पावसांत त्यांचा परिणाम संपतो.

सर्वच रंग असे उडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कथिलाच्या क्षारांच्या द्रावणात विद्युतप्रवाहाने भरलेला काळा वा कांस्यवर्णी रंग हा छिद्रांच्या तळाशी साचलेल्या धातूकणांमुळे दिसतो आणि उन्हात फार काळ टिकतो. इमारतींच्या खिडक्यांचे तपकिरी ॲल्युमिनियम बहुधा याच रीतीने रंगवलेले असते.

हा शोध पाण्यासाठीच लागला

ॲल्युमिनियम विद्युत अपघटनाने स्वस्तात मिळवण्याची रीत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल यांनी आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधली. त्याआधी हा धातू मौल्यवान समजला जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळून ड्युराल्युमिन नावाचे बळकट मिश्रधातू तयार झाले आणि विमानबांधणीत वापरले जाऊ लागले. मात्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानांत ते खाऱ्या पाण्याने लवकर खाल्ले जात. त्यावर उपाय म्हणून १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये बेनगॉ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लातील धनाग्रीकरणाची पद्धत विकसित केली. १९२७ मध्ये गोवर आणि ओब्रायन यांनी गंधकाम्लाची पद्धत पेटंट केली. आज जगभर तिचाच वापर सर्वाधिक आहे. म्हणजे आज आपण शोभेचे समजतो ते हे कवच मुळात पाण्यात तरणाऱ्या यंत्राचे प्राण वाचवण्यासाठी निर्माण झाले.

आपल्या प्रदेशाचाही या धातूशी संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या सह्याद्रीत बॉक्साइटच्या खाणी आहेत, आणि बेळगाव येथे बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना अनेक दशके चालत आला आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील पातेली आणि पुरातील वल्ह्याची दांडी या दोन्हींचा उगम अशाच तांबड्या मातीत असतो.

कवचाचे शत्रू

ॲल्युमिनियम ऑक्साइड हे उभयधर्मी आहे. ते आम्लातही विरघळते आणि आम्लारीतही. साधारणपणे सामू ४ ते ८.५ या मर्यादेत ते स्थिर राहते. आपल्या घरातील घासण्याच्या सवयी मात्र तांब्या-पितळेवर घडलेल्या आहेत. चिंच आम्लधर्मी, राख आम्लारिधर्मी, धुण्याचा सोडा त्याहून तीव्र. पितळेला यांनी उजाळा येतो. ॲल्युमिनियमचे कवच यांनी झिजते. कॉस्टिक सोड्यात तर ते मिनिटांत विरघळते आणि उघडा धातू हायड्रोजन वायू सोडत फसफसू लागतो. ती फसफस पाहून मळ निघत आहे असे वाटते. वास्तविक धातू निघत असतो.

घरातही याचा पडताळा मिळतो. रंगरंगोटीच्या वेळी खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीवर उडालेला चुना किंवा सिमेंट लगेच न पुसल्यास तेथे कायमचा पांढरा डाग पडतो. कितीही पुसले तरी तो जात नाही, कारण तो डाग वर बसलेला नसून तेथे कवचच खाल्ले गेलेले असते.

दुसरा शत्रू म्हणजे परकीय धातू. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यांच्यामध्ये साचलेले क्षारयुक्त पाणी यांचा मिळून एक विद्युतघटच तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम झिजते. म्हणून स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी आणि खड्डे प्रथम दिसतात. तांबे किंवा पितळ जवळ असल्यास हा परिणाम अधिक तीव्र होतो. समुद्रातील बोटींना हा धोका नित्याचा आहे. नदीतील बोटींना तो कमी असला तरी पुराच्या पाण्यात सांडपाणी, खते आणि गाळ मिसळलेला असतो, म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

तिसरा शत्रू आपल्या साठवणुकीत असतो. पूर ओसरल्यावर ओली व चिखलाने भरलेली बोट ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवली की फळ्यांच्या फटींत ओल महिनोनमहिने राहते. बोट पाण्यात जितकी झिजत नाही तितकी गोदामात झिजते.

आधी पारख, मग उपाय

फिकट दिसणारा भाग हातात घेतल्यावर पुढील चार परीक्षा क्रमाने कराव्यात. त्यांना खर्च नाही म्हटले तरी चालेल.

१. धुण्याची परीक्षा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड यांनी भाग स्वच्छ करावा. आपल्या भागातील विहिरी-बोअरचे पाणी जड असते. ते वाळून क्षारांचा पांढुरका पापुद्रा धरतो आणि खालचा रंग फिकट भासतो. पुष्कळ वेळा रोग एवढाच असतो.

२. ओलीची परीक्षा. भाग पाण्याने ओला करून पाहावा. ओला असताना जुना रंग गडद दिसू लागला आणि वाळताच पुन्हा फिकट झाला, तर रंग शिल्लक असून वरचा पृष्ठभाग खडबडीत वा खडूसारखा झाला आहे. ओला करूनही रंग दिसत नसेल, तर रंग उडालेला आहे.

३. शाईची परीक्षा. न दिसणाऱ्या जागी दौतीच्या शाईचा थेंब पाच मिनिटे ठेवून ओल्या कापडाने पुसावा. डाग निघून गेला तर छिद्रबंदी शाबूत आहे. डाग मुरला तर छिद्रे उघडी पडली आहेत आणि तेथे मळ व क्षार शिरत राहणार.

४. विजेची परीक्षा. ऑक्साइड विद्युतरोधक आहे आणि धातू सुवाहक. मल्टिमीटर 'बीप'च्या स्थितीत ठेवून त्याची दोन्ही टोके पृष्ठभागावर, न रुतवता, हलकेच टेकवावीत. आवाज आला नाही तर कवच आहे. आवाज आला तर तेथे उघडा धातू आहे. टोके टोकदार असल्याने जोर देऊ नये, नाहीतर ती कवच भेदून चुकीचे उत्तर देतात. हाताच्या पकडीची जागा, कडा आणि दोर घासला जाणारी जागा मुद्दाम तपासावी.

या परीक्षांच्या बरोबरीने डोळ्यांनी एक गोष्ट पाहायची असते. स्क्रू, रिव्हेट आणि वेल्डिंगजवळ खड्डे, भेगा किंवा फुगवटा आहे काय? असल्यास प्रश्न रंगाचा राहिलेला नसून बळकटीचा झाला आहे. भेग गेलेली वल्ह्याची दांडी किंवा कडी कितीही सुंदर रंगवली तरी ती बदललीच पाहिजे.

चार अवस्था, चार उपाय

पहिली अवस्था : मळ व क्षार. साबणाने न निघालेला क्षारांचा पापुद्रा पाच-सहा पट पाणी घातलेल्या व्हिनेगरने मिनिटभर पुसून लगेच भरपूर पाण्याने धुवावा. भाग पूर्ण वाळल्यावर मोटारगाडीसाठी मिळणारे मेण पातळ लावून मऊ कापडाने घासावे. मेण छिद्रांच्या तोंडांवर पाण्याला अटकाव करते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, एवढे पुरते.

दुसरी अवस्था : पृष्ठभाग खडूसारखा, कवच शाबूत. अतिशय बारीक पॉलिश मऊ कापडाने हलके फिरवून वरचा भुकटीचा थर काढावा आणि मेण लावावे. यंत्रावरील चाक किंवा तारेची घासणी वापरू नये. कवच काही मायक्रॉनचेच आहे याचा विसर पडू देऊ नये. मधूनमधून मल्टिमीटरने तपासत राहावे.

तिसरी अवस्था : रंग पूर्ण उडालेला, पण कवच शाबूत. येथे काहीही न करणे हा सुज्ञ निर्णय ठरू शकतो. वल्ह्याची दांडी काळी होती ती राखाडी झाली, म्हणून तिच्या कामात उणे येत नाही. बोट दुरून ओळखू यावी म्हणून किंवा एकसारखेपणासाठी रंग हवाच असेल, तर कवच न काढता त्यावरच रंग द्यावा. शाबूत कवच हे उत्तम अस्तर असते. त्याची कृती अशी : साबणाने व नंतर थिनरने तेलकटपणा काढावा, ३२० क्रमांकाच्या ओल्या पॉलिश-पेपरने केवळ तकाकी मोडेल इतके घासावे, धुऊन वाळवावे, ॲल्युमिनियमवर चालणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर डब्यावर लिहिलेल्या अंतराने पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात द्यावेत. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने उडवल्यास त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. योग्य मुखवटा नसल्यास ब्रशनेच व मोकळ्या हवेत काम करावे.

चौथी अवस्था : कवच जागोजागी गेलेले. येथे दोन मार्ग आहेत. भाग सामान्य असेल तर वरीलप्रमाणेच रंग द्यावा. मात्र उघड्या धातूवर घासल्यानंतर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर प्रायमर लावावा, कारण हवेतील पापुद्रा ताबडतोब धरू लागतो आणि रंगाची पकड कमी होते. भाग सतत घासला जाणारा असेल, उदाहरणार्थ वल्ह्याची दांडी जेथे खोबणीत फिरते तेथे, रंग टिकत नाही. अशा भागाचे कारखान्यात पुन्हा धनाग्रीकरण करून घ्यावे.

पुनर्धनाग्रीकरण : काय मिळते आणि काय जाते

परभणीजवळ मोठ्या औद्योगिक वसाहती नसल्या तरी छत्रपती संभाजीनगरकडील वाळूज किंवा पुण्याजवळील भोसरी अशा ठिकाणी हे काम करणारे लघुउद्योग आढळतात. तेथे होणारी प्रक्रिया सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते. जुने कवच गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. त्यामुळे पृष्ठभागावर उरणारी काळी काजळी नत्राम्लात धुऊन काढतात. मग १५ ते २० टक्के गंधकाम्लाच्या द्रावणात, सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाला, १२ ते १८ व्होल्ट दाबाने अर्धा-पाऊण तास प्रवाह देतात. तापमान वाढले की आम्ल तयार होणाऱ्या थरालाच विरघळवू लागते व थर मऊ होतो. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात द्रावण थंड ठेवण्याची सोय नसलेल्या जागी हे काम नीट होत नाही. शेवटी रंग आणि उकळत्या शुद्ध पाण्यातील छिद्रबंदी. छिद्रबंदीला थराच्या प्रत्येक मायक्रॉनमागे दोन ते तीन मिनिटे लागतात. म्हणजे २० मायक्रॉनच्या थरास चाळीस मिनिटे ते एक तास. घाईत हीच पायरी आखडली जाते. परत आलेल्या भागावर शाईची परीक्षा करून पाहण्याचे कारण हेच.

आता हिशेब पाहू. जुने कवच २० मायक्रॉनचे असेल तर त्यासाठी सुमारे १३ मायक्रॉन धातू खर्च झालेला आहे. ते काढून नवे २० मायक्रॉनचे कवच केले की आणखी १३ मायक्रॉन धातू जातो. नळीच्या प्रत्येक पृष्ठभागाचे माप मूळच्या मानाने तितके घटते; बाहेरील व्यासात ही घट २६ मायक्रॉन होते. शिवाय कॉस्टिक सोड्यात कवचाबरोबर थोडा धातूही जातो. दीड मिलिमीटर जाडीच्या नळीला याने काही होत नाही. आट्यांना आणि एकात एक सरकणाऱ्या जोडांना मात्र फरक पडतो. ते ढिले होतात. तांब्याला कितीदाही कल्हई करता येते, ॲल्युमिनियमचे धनाग्रीकरण पुनःपुन्हा करता येत नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

भाग कारखान्यात देताना पाच गोष्टी पाहाव्यात :

१. स्टील, पितळ, रबर, प्लास्टिक असे सर्व जोडकाम सोडवून द्यावे. आम्लाच्या टाकीत स्टील किंवा पितळ गेले तर ते स्वतः विरघळते, प्रवाह स्वतःकडे ओढून घेते आणि काम बिघडवते. रिव्हेट न निघणारा भाग पाठवूच नये.

२. ओतीव भाग वेगळे ठेवावेत. ओतकामाच्या मिश्रधातूंत सिलिकॉन अधिक असते. त्यांवर कवच गडद राखाडी व डागाळ येते. असे भाग रंगवणेच बरे.

३. वेल्डिंग केलेल्या जागेची छटा वेगळी येणार, हे आधीच गृहीत धरावे.

४. उघड्यावर वापरायच्या भागांसाठी २० ते २५ मायक्रॉन थर मागावा आणि तो कागदावर लिहून घ्यावा. शोभेच्या वस्तूंना ५ ते १० मायक्रॉन पुरतो; न सांगितल्यास तोच मिळण्याचा संभव असतो.

५. रंग चंदेरी, म्हणजे बिनरंगी, घ्यावा. काळा हवा असल्यास विद्युतप्रवाहाने भरलेला काळा मागावा. जो रंग उडणारच नाही त्याच्या उडण्याची चिंता नाही.

ही प्रक्रिया घरी किंवा शाळेच्या आवारात करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. गरम कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. विद्यार्थ्यांना धनाग्रीकरण दाखवायचे असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, अगदी सौम्य द्रावणात, लहान पट्टीवर व सुरक्षा-चष्मा घालूनच दाखवावे. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये.

पुन्हा जोडताना

दुरुस्त झालेले भाग पहिल्यासारखेच स्टेनलेस स्क्रूने आवळले तर तोच रोग पुन्हा उद्भवतो. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, आट्यांना जाड जलरोधक ग्रीस आणि दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये रबराची वा प्लास्टिकची पातळ पट्टी एवढ्याने विद्युतघटाचे मंडल तुटते. पाणी साचेल अशी खोबण बंद ठेवू नये. तिला निचऱ्यासाठी छिद्र असावे. बोट ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन, फळ्या सुट्या करून, सावलीत वाळवावी. ताडपत्री घालायचीच झाल्यास खालून हवा खेळेल अशी घालावी.

या कामाचा योग्य काळ मार्च-एप्रिल हा आहे. मे महिन्याच्या अखेरीस पाहणी ठरली की वेळ उरत नाही, आणि वेळ नसला की कॉस्टिक सोडा आठवतो. कारखान्यात भाग जाऊन यायला दोन-तीन आठवडे धरावेत. एका साध्या वहीत प्रत्येक भागाची तारीख, त्यावर केलेली परीक्षा, दिसलेली झीज आणि केलेला उपाय लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी त्याला कोठून सुरुवात करायची ते कळते. गावाची बोट एका माणसाची नसते. तिची माहितीही एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये.

पाहणी करणाऱ्यांसाठी

बोटीची पाहणी करणारे सरपंच, ग्रामसेवक, तलाठी किंवा स्वयंसेवक असोत, त्यांच्यापुढे झळाळणारे सामान मांडले जाते. स्वच्छता ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु गेल्या वर्षी राखाडी असलेला भाग यंदा एकाएकी आरशासारखा झाला असेल, तर तो कशाने घासला हे अवश्य विचारावे. तेथे मल्टिमीटर टेकवून पाहायला अर्धे मिनिट लागते. उलटपक्षी फिकट व डागाळ दिसणाऱ्या वल्ह्यांचे कवच शाबूत निघाले, तर केवळ रूपासाठी ती भंगारात काढून नवी घेण्याचा खर्च करू नये. त्या पैशात जीवरक्षक जाकिटे आणि चांगले दोर येतात.

पुराच्या रात्री बोटीत बसणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई किंवा तिला हात देणारा तरुण वल्ह्याचा रंग पाहत नाही. वल्हे खोबणीत नीट फिरते का, कडीला दोर टिकतो का, पायाखालची फळी भक्कम आहे का, एवढ्यावर त्यांचे पैलतीराला पोहोचणे अवलंबून असते. ती खात्री आधी करून ठेवण्याचे काम मार्चच्या उन्हात, साबणाचे पाणी, शाईची दौत आणि मल्टिमीटर घेऊन बसणाऱ्या माणसाचे आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या गावी अशी बोट आहे, त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात ती एकदा उघडून पाहावी, आणि नववी-दहावीतील मुलामुलींना त्या वेळी सोबत न्यावे. 'धनाग्र' हा शब्द पाठ होण्यापेक्षा तो असा हाताळला गेला, तर अधिक काळ ध्यानात राहील.